साहेबांची राजांची वही

माझ्या घरमालकानं मला फसवलं. चंदीगडात मी जुनं सोनं गाळायचा धंदा करतो. आटवलेल्या सोन्यात तांबं किती आणि चांदी किती हे मी रंगावरून सांगतो, आणि इथल्या बाजारातला भलाभला सराफ मला आजवर फसवू शकलेला नाही. हवाई दलातून निवृत्त झालेल्या या एका म्हाताऱ्यानं फसवलं, तेही माझ्याच दारात उभं राहून, एका वाक्यात. वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते कळायला दीड वर्ष लागलं.

त्यांना मी साहेब म्हणायचो. ते मूळचे नागपूरचे. हवाई दलात हवामानाचा अंदाज सांगायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन नागपुरात. नोकरीच्या शेवटी बदली होऊन चंदीगडला आले आणि सरळ रस्ते बघून इथेच राहिले. खालच्या मजल्यावर ते, वरचा मजला भाड्याचा.

तो मजला बघायला मी गेलो तेव्हा जानेवारीचं धुकं होतं. भाड्यावरून पाऊण तास घासाघीस झाली. मी तीनदा उठून जिन्यापर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो. तिसऱ्यांदा साहेब हसले.

"तू तीनदा उठला, पण चपलेत पाय एकदाही घातला नाही," ते म्हणाले. "म्हणजे घर पसंत आहे. पण तोंडातून शेवटपर्यंत बोलला नाही. मला असाच माणूस पाहिजे होता."

"भाडेकरू म्हणून?"

"भाडेकरू तर कोणीही भेटते बावा. राजांशी बोलायला पाहिजे होता."

मला वाटलं म्हातारा सटकलेला आहे. भाडं मी म्हणत होतो तेवढ्यावर ठरलं, पण एका अटीवर. दर रविवारी जेवण झालं की मी खाली यायचं.

खाली एक खोली फक्त कम्प्युटरसाठी होती. त्या काळी घरात कम्प्युटर असणं हीच मोठी गोष्ट, आणि साहेबांनी तर त्याला थंड हवेचं यंत्र लावलं होतं. स्वतः मात्र जूनच्या भाजणाऱ्या लूमध्ये बाहेरच्या खोलीत टेबलफॅनपुढे ओला टॉवेल गळ्यात घालून झोपायचे. मी विचारलं तर म्हणाले, "मला गरमीची सवय आहे. त्याला नाही."

खेळ राज्य उभारायचा होता. सुरुवातीला तुमच्याकडे एक गाव. मग शेतं, रस्ते, तटबंदी, दुसरं गाव. तुमची माणसं आधी चाक शिकतात, मग लिहायला, मग लोखंड गाळायला. तुम्ही तुमची चाल करायची आणि थांबायचं. मग बाकीचे राजे एकेक करून आपापली चाल करतात, आणि ते सगळे राजे कम्प्युटर स्वतः चालवतो. त्यांच्याशी लढता येतं, तसं बोलताही येतं. राजाचं तोंड पडद्यावर येतं, तो काय देणार, काय मागणार ते सांगतो, आणि तुम्ही सौदा करायचा.

लढाई साहेबांकडे आणि बोलणी माझ्याकडे अशी आमची वाटणी होती. बोलणी असली की साहेब शर्टाचं गळ्याचं बटण लावायचे. राजापुढे उघड्या गळ्यानं बसायचं नाही. राजांची नावं त्यांनी रंगावरून ठेवली होती: लाल्या, निळ्या, पिवळी. पिवळी राणी होती आणि माझ्याइतकीच तापट.

आणि होती ती वही. लांब पाठकोऱ्या पानांचं रजिस्टर. प्रत्येक राजाला स्वतंत्र पानं, आणि शेवटी सगळ्यांना लागू पडणारे नियम. साहेब आधी अंदाज लिहायचे आणि मग घडलं काय ते. बरोबर आलं तर हिरवी खूण. चुकलं तर लाल पेन्सिलीनं आडवी रेघ आणि शेजारी तारीख. तीस वर्षं त्यांनी ढगांशी हेच केलं होतं.

या बाबतीत ते किती कडक होते ते सांगतो. एकदा माझ्या बायकोनं गच्चीवर कुरडया घातल्या. साहेबांनी खालून हाक मारली, "वहिनी, उचला ते. तीन वाजता आंधी येणार." बायकोनं उचलल्या. आंधी आली, सगळ्या सेक्टरभर धूळ झाली. ती कौतुकानं खाली सांगायला गेली, तर साहेब लाल पेन्सिल घेऊन बसलेले.

"अवो, आली की धूळ तुम्ही म्हणला तशी!"

"सव्वातीनला आली. मी तीन म्हणालो होतो."

असा माणूस. हे लक्षात ठेवा, कारण माझी तक्रार याच माणसाबद्दल आहे.

कम्प्युटरचे राजे कसे विचार करतात हे शोधणं हा त्यांचा खरा छंद. जिंकण्यात त्यांना फारसा रस नव्हता. "हा राजा रागावला असं तुला वाटते," ते मला म्हणायचे, "पण त्याला राग येतच नाही. तो मोजते. तुझे शिपाई किती, तुझी गावं किती, मागच्या तहाला किती चाली झाल्या. बेरीज केली की तोंड वाकडं करते. तू त्या तोंडाकडे पाहू नको, बेरजेकडे पाह्य."

मी मात्र तोंडाकडे बघायचो. एकदा पिवळीनं लोखंडाची विद्या फुकट मागितली, नाही तर युद्ध म्हणाली. मी पडद्याला आमच्याकडची एक सणसणीत शिवी दिली आणि नाही म्हटलं. तिनं पुढच्याच चालीला आमचं नदीकाठचं गाव घेतलं. मी म्हटलं, साहेब, मागे जाऊ या, आपण डाव जपून ठेवलाय ना? साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातलाय. "गेलेली चाल परत नाही. विमान पडल्यावर मी वैमानिकाला म्हणू, चल, पुन्हा उड?"

गंमत म्हणजे वीस चालींनंतर तीच पिवळी हसत तह करायला आली. शिवी विसरली, गाव विसरली. साहेब म्हणाले, "पाह्य. माणूस असता तर तुझ्या नातवालाही भेटला नसता."

एक नियम त्या वहीत माझ्या नावावर आहे. साहेब नवी विद्या एका राजाला विकायचे आणि दुसऱ्याला विकायला चार चालींनी जायचे. तोवर पहिल्यानं ती त्याला देऊन टाकलेली असायची. मी म्हटलं, "साहेब, सेक्टर तेवीसमध्ये एका सराफाला मी दुपारी काही सांगितलं की संध्याकाळी सगळ्या बाजाराला माहीत असतं. माल खपवायचा तर एकाच दिवशी सगळीकडे." आम्ही तसं केलं. एकाच चालीत लाल्या, निळ्या आणि पिवळी तिघांना कागद बनवायची विद्या विकली. तिघांनीही आपापली विद्या दिली. एका दुपारी आमचं राज्य शेवटून दुसरं होतं ते पहिलं झालं. साहेबांनी उठून माझ्याशी हात मिळवला. मग वहीत लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. माझं शिक्षण सातवी. माझं नाव त्याआधी कुठल्या वहीत कुणी चांगल्या कारणानं लिहिलं नव्हतं.

साहेब राजांचे नियम माणसांवर चालवून बघायचे. "भेट आधी, मागणी नंतर" हा त्यांचा आवडता नियम. भाजीवाल्याला त्यांनी तीन दिवस रोज थंड पाणी पाजलं आणि चौथ्या दिवशी कोथिंबीर फुकट मागितली. त्यानं मूठभर दिली, वर हिरव्या मिरच्या टाकल्या. साहेब विजयी चेहऱ्यानं वर आले.

"साहेब," मी म्हटलं, "कोथिंबीर-मिरची इथं सगळ्यांनाच फुकट देतात."

त्यांनी हातातल्या मिरच्यांकडे बघितलं. मग खाली गेले. लाल पेन्सिल काढली असणार.

मी हसलो खरा, पण हळूहळू मीही तेच करायला लागलो. निळ्या राजानं एकदा आपणहून तह पाठवला आणि दोन चालींत आमचं बंदर जाळलं. तेव्हा वहीत नियम आला: राजा न बोलावता तह घेऊन आला, तर दोन-तीन चालींत हल्ला. महिन्याभरात बाजारातला एक सराफ, जो माझ्याकडे कधी वळून बघायचा नाही, तो दुकानात येऊन बसला. "ओ मराठे जी, गुस्सा छड्डो, लस्सी पियो." मी लस्सी प्यायलो आणि सावध झालो. दोन दिवसांनी कळलं की तो माझा कारागीर फोडायला बघत होता. मी साहेबांना येऊन सांगितलं. त्यांनी टाळी दिली. त्या दिवसापासून तो नियम मी देवाच्या शपथेसारखा धरला.

आता दादाचं सांगतो.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. आमच्या भागातले लोक सोनं गाळायच्या धंद्यासाठी देशभर गेले. माझा थोरला भाऊ लुधियान्यात होता. मी सोळा वर्षांचा असताना त्यानं मला नेलं, भट्टीपुढे बसवलं, तेजाब, म्हणजे सोनं शुद्ध करायचं ॲसिड, कसं धरायचं, मुशीतून सोनं कसं ओतायचं ते हाताला धरून शिकवलं. अठरा वर्षं मी त्याच्याकडे होतो. मग मी चंदीगडला स्वतंत्र दुकान टाकलं. त्यानं चार सराफांसमोर मला विचारलं, "माझी गिऱ्हाइकं घेऊन चाललास काय रं?" मी घेऊन चाललो नव्हतो. तीन गिऱ्हाइकं आपणहून माझ्यामागे आली होती. मी त्याला सर्वांसमोर नको ते बोललो. त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, दुपारी, साहेब जिना चढून वर आले. ते वर क्वचितच येत.

"तुझा भाऊ आला आहे," ते म्हणाले. "खाली व्हरांड्यात बसून आहे. अर्ध्या तासापासून. मी चहा दिला."

बायको आतून धावत आली. "भावजी आल्यात? अवो, मग खाली काय बसवलंय? मी भाकरी टाकते, तुम्ही आणा त्यांना वर."

"थांब," मी म्हटलं. "कशाला आलाय?"

"समेट करायचा म्हणते," साहेब म्हणाले.

सहा वर्षं नाही, आणि आज समेट. न बोलावता. मी साहेबांना विचारलं. शब्दन् शब्द मला आठवतो. "साहेब, तुमच्या वहीत काय आहे? राजा न बोलावता तह घेऊन आला तर?"

साहेबांनी शर्टाच्या गळ्याचं बटण लावलं. मग म्हणाले, "वहीत लिहिलं आहे, हल्ला होते."

मी खाली गेलो नाही. बायकोला म्हटलं, सांगून ये, घरात नाहीत. ती जाईना. म्हणाली, मी खोटं सांगणार नाही, आणि तेही थोरल्या दिराला. शेवटी मीच कठड्यावरून ओरडलो, "दादा, मला कुणाशी समेट करायचा नाही. आल्या वाटेनं जा." आमच्या धंद्यातल्या माणसांचा एक रिवाज आहे. परमुलखात गावचा माणूस दारात आला, मग तो वैरी का असेना, त्याला जेवल्याशिवाय वाटेला लावायचं नाही. मी सख्ख्या भावाला चहावर वाटेला लावला, आणि तो चहाही माझा नव्हता.

दादानं वर बघितलं. मग उठला. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना दोनदा थांबला. मला वाटलं, मी हाक मारीन म्हणून थांबतोय.

त्यानंतर दोन रविवार साहेबांनी कम्प्युटर चालू केला नाही. म्हणाले, मशीन तापते आहे. नोव्हेंबरच्या थंडीत! मी तेव्हा त्यावर विचार केला नाही. इतका हिशेबी माणूस मी, आणि विचार केला नाही.

तीन महिन्यांनी गावाकडचा एक माणूस दुकानात आला. त्याच्याकडून कळलं की दादानं लुधियान्याचं दुकान परक्याला देऊन टाकलं आणि गावी गेला. तेजाबाच्या धुरानं त्याची छाती गेली होती. पायऱ्यांवर तो दम खायला थांबला होता. "तुझ्याच हवाली करायचं होतं दुकान त्याला," तो माणूस म्हणाला. "तेवढ्यासाठी आला होता तुझ्याकडं. म्हणत होता, हाताखाली शिकलेलं पोर हाय, त्यालाच बसवतो." दादानं बसवलेलं गिऱ्हाईक, त्याची भट्टी, तीस वर्षांची बैठक. पण ते जाऊ दे. दुकान मी दुसरं टाकीन. पुढच्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं. दादाला पत्रिका गेली, तार गेली, बायकोनं स्वतः फोन केला. तो आला नाही. मामा म्हणून मेव्हणा उभा राहिला. काकाची जागा मोकळी होती.

तेव्हासुद्धा मी साहेबांना दोष दिला नव्हता. वहीनं सांगितलं, वही चुकली, असं होतं कधी.

मग साहेबांची नजर मंद झाली. मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली, घर विकलं गेलं, आम्ही झिरकपूरला नव्या इमारतीत राहायला आलो. जायच्या दिवशी साहेबांनी ती वही माझ्या हातात दिली. "ठेव. तुझं नाव आहे यात." वहीवरची बोटं त्यांनी लगेच काढली नाहीत. मला वाटलं, वय.

एका मंद दुपारी दुकानात मी ती उघडली. माझा नियम शोधत होतो. त्याच्या दोन पानं पुढे तहाचा नियम होता. त्यावर लाल रेघ. शेजारी बारीक अक्षरात: "चूक. नऊ वेळा तह आला, हल्ला दोनदाच. बाकी वेळा राजा दुसऱ्या सीमेवर बेजार होता. त्याला खरोखर शांतता पाहिजे होती." आणि तारीख. ती दिवाळीच्या तीन आठवडे आधीची होती.

मी ते पान चार वेळा वाचलं. मग दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि नागपूरला फोन लावला.

"साहेब, तहाचा नियम तुम्ही खोडला होता."

"हो. खोडला होता."

"दादा आला त्याच्या आधी."

"आधी."

"मग मला सांगितलं का नाही?"

ते म्हणाले, "तू विचारलं, वहीत काय आहे. मी काय लिहिलं ते सांगितलं."

"आणि रेघ? रेघ वहीत नव्हती?"

"तुझा भाऊ खाली बसून होता," साहेब म्हणाले. "सख्खा भाऊ. त्याच्याजवळ जाऊन बसायचं सोडून तू वहीला काहून विचारलं बावा?"

मी फोन आपटला. हे उत्तर आहे का? सराफ मला विचारतो, या सोन्याचा कस किती, आणि मी कालचा आकडा सांगतो, आज तो बदललाय हे माहीत असून, तर बाजार मला काय म्हणेल? तुम्ही माझ्याकडे का आलात, असं उलटं विचारून मी सुटेन?

मला माझा संशय सांगायचा आहे. दादा त्या व्हरांड्यात अर्धा तास बसला होता. तो बोलका माणूस. लुधियान्याचं दुकान, मला तिकडे न्यायचं, हे त्यानं साहेबांना सांगितलं असणार. मी गेलो असतो तर रविवारी राजांशी कोण बोललं असतं? सव्वातीनची आंधी चूक म्हणून लिहिणारा माणूस माझ्या दारात अर्धं वाचून थांबला, ते उगाच नाही.

बायकोला हे पटत नाही. ती म्हणते, "म्हाताऱ्याला कशाला नावं ठेवताय? तुम्हीच एकदा गावी जावा की. दादांच्या पाया पडा, मिटलं."

"मी का पडू? मी विचारून केलंय. ज्यानं सांगितलं त्यानं निस्तरावं."

"आन् ते नाही आले तर?"

या प्रश्नावर आमचं घरात भांडण होतं. दर आठवड्याला होतं. मला झोप लागत नाही, भट्टीवर लक्ष राहत नाही. परवा मूस हातातून निसटली. गावाला जाणाऱ्या प्रत्येक माणसाला मी दादाबद्दल विचारतो आणि माझं नाव सांगू नको म्हणतो. परवाचा माणूस म्हणाला, आता त्यांना ओसरीवरून अंगणात येतानाही धाप लागते.

साहेबांना मी तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. म्हणून आता इथं लिहितो, म्हणजे कुणीतरी त्यांना वाचून दाखवील. साहेब, तुमची नजर गेली असेल, पाय तर आहेत. मी तिकीट काढतो, मुलीला सोबत आणा. आमच्या गावी या. दादाच्या अंगणात उभे राहा आणि त्याला तोंडानं सांगा की तुम्हाला खरं माहीत होतं, आणि त्याच्या धाकट्या भावाला तुम्ही ते सांगितलं नाही. मी बाहेर गाडीत बसून राहीन. त्यानं बोलावलं तर आत येईन. फक्त उशीर करू नका. ऐकून घ्यायला तो फार दिवस पुरणार नाही.